सेवा जोखायची कोणी?

रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत, कुणी ख्रिस्ती तरुण किंवा तरुणी खोली घेऊन राहू लागली, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेऊ लागली, आजाऱ्यांना तालुक्याच्या रुग्णालयात नेऊ लागली, की वर्षाच्या आत गावात एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हे सारे धर्मांतरासाठी चालले आहे आणि औषधाची गोळी हे आमिष आहे. दुसरी बाजू म्हणते, नोकरी आणि घरदार सोडून जी माणसे गरिबांत राहायला आली त्यांच्यावर संशय घेणे हा कृतघ्नपणा आहे. धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा राज्यात सुरू झाल्यापासून हा वाद पारावरून वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचला, पण त्यातले मुद्दे मात्र पुढे सरकले नाहीत. मी वसईतल्या मराठी ख्रिस्ती घरात वाढले आणि आयुष्यातली काही वर्षे अशाच एका वाडीत राहिले. त्यामुळे दोन्ही बाजूंची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. माझी तक्रार अशी की दोन्ही बाजू एकाच माणसाकडे पाहतात. सेवा करणाऱ्याचे मन शुद्ध की अशुद्ध, त्याचा त्याग खरा की दिखाऊ, याचीच चिकित्सा चालते. ज्याची सेवा होते त्या कातकऱ्याला या वादात साक्षीलासुद्धा कुणी बोलावत नाही. सेवेची परीक्षा त्याच्या हाती असली पाहिजे. मदत करणाऱ्याला तो नाही म्हणू शकतो का, जाब विचारू शकतो का, आणि नाही म्हटल्यानंतरही त्याचे औषध आणि त्याच्या मुलाची शाळा पूर्वीसारखी चालू राहते का? ही परीक्षा दुरून दिलेल्या मदतीपेक्षा शेजारी राहून केलेल्या सेवेत अधिक कठोरपणे होते, आणि म्हणूनच ख्रिस्ती स्वयंसेवकाने गरिबांच्या वस्तीत राहणे सोडू नये, असे माझे मत आहे.

विरोधकांच्या म्हणण्यातला सर्वांत बळकट भाग आधी मान्य केला पाहिजे. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म केवळ प्रेमाच्या वाटेने आला असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत दोनशे वर्षे इथे तलवार आणि क्रूस एकाच सत्तेच्या हाती होते. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या धर्मन्यायालयाची (इन्क्विझिशनची) आठवण कोकणी माणसाने अजून टाकलेली नाही आणि टाकावी अशी अपेक्षाही आपण करू नये. इंग्रजी अमलात बळजबरी गेली, पण भूक राहिली. १८७६ ते १८७८ च्या आणि पुढे शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशन केंद्रांवर अन्न आणि बाप्तिस्मा एकमेकांच्या इतके जवळ आले की उपाशी माणसाने केलेल्या धर्मस्वीकाराला काय अर्थ आहे, हा प्रश्न खुद्द मिशनऱ्यांनाही टाळता आला नाही. गांधीजींनी मिशनऱ्यांशी आयुष्यभर जो वाद घातला त्याचे मूळही इथेच होते: शाळा आणि दवाखाना हे जर दुसऱ्या कशाची तरी पायरी असतील तर ती सेवा सेवा राहत नाही. या आक्षेपाला आमच्याकडून बहुधा सेवेची यादी वाचून उत्तर दिले जाते. ते उत्तर अपुरे आहे, कारण आक्षेप सेवेच्या प्रमाणाबद्दल नसून देणारा आणि घेणारा यांच्यातल्या बळाच्या तफावतीबद्दल आहे.

दुसरा आक्षेप तर आमच्याच घरातून आला. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने १९६८ साली मेक्सिकोत, उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सभेतच, त्यांनी परत जावे असे सुनावले. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही आणि ज्यांना तुम्हाला हाकलून देण्याची ताकद नाही त्यांच्यावर तुम्ही आपला चांगुलपणा लादता आहात, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. मला हा आक्षेप धर्मांतराच्या आक्षेपापेक्षा अधिक खोल वाटतो. नाताळच्या आधी शहरातल्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) एक गाडी येते, वाडीतल्या बायकांना ओळीने उभे करून ब्लँकेटे वाटली जातात, त्यांच्यासोबत छायाचित्रे काढली जातात आणि चार वाजता गाडी परत जाते; तेव्हा त्या ओळीतल्या एखाद्या बाईला या पाहुण्यांबद्दल काही वेगळे वाटत असेल तर ते सांगण्याची जागा कुठे असते? ब्लँकेट उसवले तर ते परत नेऊन दाखवायला समोर कुणीही नसते.

इतके मान्य करूनही सेवकाच्या हेतूवरून सेवेची किंमत ठरवणारा युक्तिवाद मला पटत नाही, आणि त्याचे कारण कोकणाच्या इतिहासातच आहे. गरिबांत राहायला आलेला कोणता माणूस विचार घरी ठेवून आला? गोदावरी आणि शामराव परुळेकर वारल्यांच्या झोपड्यांत राहिले ते किसान सभेचा लाल बावटा घेऊन, आणि १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांनी यापुढे वेठ करणार नाही असे ठरवले तेव्हा त्या बावट्याखालीच ठरवले. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात घेऊन गेल्या, त्यांच्या मनातही शिक्षणाविषयीची एक पक्की श्रद्धा होती. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात मैला सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषणाला बसले आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने हे काम मागून घेतले ते समाजाचे मन पालटावे याच हेतूने. मन पालटण्याची इच्छा हा गुन्हा मानला तर या पाच जणांपैकी कुणीही सुटणार नाही. आणि ज्याला काहीच पटवून द्यायचे नाही असा माणूस पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत दुसरे वर्ष काढायला राहतो, असे निदान माझ्या पाहण्यात नाही.

हेतूच्या कसोटीने काय निसटते हे पाहायचे असेल तर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाकडे पाहावे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला आणि १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी हे सदन उघडले. पुढे सदन पुण्याला गेले, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात अशी ओरड झाली आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची काळजी खोटी होती असे मी म्हणत नाही. पण त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, आणि त्याच १८९३ साली तिने मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. लग्नानंतर दापोली तालुक्यातल्या त्या मुरुड गावाने कर्व्यांना वाळीत टाकले. गोदूबाई ख्रिस्ती झाली नाही. ती आनंदीबाई कर्वे झाली आणि कर्व्यांच्या आश्रमासाठी तिने दारोदार वर्गणी गोळा केली. रमाबाईंची श्रद्धा लपलेली नव्हती, त्यांच्या मनात काय होते तेही स्पष्ट होते, तरीही त्यांच्या छपराखालून एक बाई शिकून, स्वतःचा धर्म आणि स्वतःचा निर्णय घेऊन बाहेर पडली. हेतू तपासणाऱ्यांना हे दिसले नसते. गोदूबाईला विचारणाऱ्याला दिसले असते. वेंगुर्ल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या रुग्णालयाचेही तेच. तिथे डॉ. गोहीन यांनी वर्षानुवर्षे काम केले. १९१९ साली त्याच गावी जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. त्या रुग्णालयातून किती माणसे बरी होऊन घरी गेली आणि त्या परिसरात आज प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबे किती आहेत, याचा विचार आमिषाचा आरोप करणाऱ्यांनी अवश्य करावा. लोकांनी औषध घेतले आणि धर्म आपला ठेवला. त्यांना ते करता आले, ही त्या रुग्णालयाची खरी प्रशस्ती आहे.

आमिषाच्या युक्तिवादात आणखी एक गृहीतक दडलेले असते आणि ते मला फार खुपते. गरीब माणसाला, विशेषतः आदिवासीला आणि बाईला, स्वतःच्या श्रद्धेविषयी स्वतः ठरवता येत नाही, असे त्यात धरून चाललेले असते. १९६८ सालच्या मध्य प्रदेशच्या कायद्यापासून पुढच्या अनेक राज्यांच्या कायद्यांत अज्ञान मुले, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती यांना एका ओळीत बसवून त्यांच्या धर्मांतरासाठी वाढीव शिक्षा ठेवली आहे. प्रौढ कातकरी स्त्रीला लहान मुलाशेजारी बसवणारी ही मांडणी कोकणात तरी कुणाला मान्य कशी होते? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक चालत गेले, १९३५ साली डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा ज्यांनी ऐकली आणि १९५६ साली नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी गावोगावी आपल्या घरातले जुने देव सोडले, ते बहुतेक गरीबच होते, भूमिहीन होते, पुष्कळसे निरक्षर होते. रत्नागिरी-रायगडच्या कुठल्याही बौद्धवाडीत जाऊन, तुमच्या आजोबांनी फसवणुकीतून धर्म बदलला का, असे विचारण्याचे धाडस कुणी करील काय? शिवाय त्या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना केंद्राच्या पातळीवर मिळायला १९९० साल उजाडावे लागले, आणि ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार आजही मिळत नाहीत. दलिताच्या बाबतीत तरी आर्थिक आमिष उलट्या दिशेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असे सांगितले, आणि ख्रिस्ती म्हणून मला ते स्वीकारायला जड जात नाही, कारण दुसऱ्याचे धर्मांतर कुणी करूच शकत नाही. माणूस बदलतो तो आपल्या मनाने. आणि जिथे मनाविरुद्ध बदलायला लावले जाते तिथे फसवणुकीचे आणि धमकीचे साधे कायदे पुरेसे आहेत.

आता राहण्याविषयी. वस्तीत राहण्याचे कौतुक लोक त्याग म्हणून करतात, पण माझ्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे आहे: शेजारी राहणारा माणूस उघडा पडतो. तो काय खातो, कुणाकडे बसतो, कुणाला उसने देतो आणि कुणाला देत नाही, हे सगळी वाडी पाहते. मी ज्या वाडीत राहिले तिथे एका मावशींनी मला पहिल्याच पावसाळ्यात दारात उभ्या राहून सांगितले, "ताई, तुझ्या प्रार्थनेला मी येनार नाय, पन पोराचा ताप उतरंना, त्याला दवाखान्यात ने." हे वाक्य त्यांनी काही मिनतवारी करून म्हटले नव्हते, रोज पाण्याच्या नळावर माझ्याशी भांडणाऱ्या बाईच्या आवाजात म्हटले होते. मुलाला नेले, तो बरा झाला, त्या प्रार्थनेला कधी आल्या नाहीत आणि नळावरचे भांडणही चालू राहिले. गाडीतून आलेल्या पाहुण्याला हे वाक्य कुणी ऐकवले असते का? ज्याच्याकडून पुन्हा काही मिळण्याची खात्री नाही त्याच्यासमोर माणूस हात जोडतो. रोजच्या शेजाऱ्याला तो नाही म्हणू शकतो.

वीटभट्टीच्या हिशेबात हे अधिक स्पष्ट दिसते. पावसाळ्यात, हाताला काम नसते तेव्हा, मुकादम कुटुंबाला उचल, म्हणजे पुढच्या मजुरीवर आगाऊ पैसे, देतो. दिवाळीनंतर नवरा, बायको आणि मुले भट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. मजुरी हजार विटांच्या दराने, त्यातून आठवड्याची खर्ची वजा, अवकाळी पावसात भिजून गेलेल्या विटा हिशेबात नाहीत. हंगाम संपताना वही उघडली जाते आणि पुष्कळदा असे निघते की अजून फिटलेले नाही, पुढच्या वर्षी यावे लागेल. ती वही लहान, कडा काळ्या पडलेली, पेन्सिलीने लिहिलेली असते आणि ज्याच्या नावाने ती आहे त्याला वाचता येत नाही. एकदा एका घरात रात्री बसून आम्ही ती ओळीने मोठ्याने वाचली. एकाच तारखेची खर्ची दोनदा लावलेली होती. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा पहिला प्रश्न होता, वही कुणी वाचली? ज्याला त्या रात्री तालुक्याला परत जायचे आहे त्याने वही वाचू नये, कारण त्या प्रश्नाला तोंड द्यायला वाडीतलेच लोक मागे राहतात. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. पण तो कायदा वाडीपर्यंत पोहोचतो तो असे कुणीतरी रात्री तिथे असले तरच. ठाणे-वसई भागात श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले तेही वाड्यांवर ठाण मांडूनच. संघटना ख्रिस्ती नव्हती, पण इथे तो मुद्दा नाहीच.

शेजारी राहण्याने ज्ञानही वेगळे मिळते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली गेले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. रुग्णाच्या उशाशी रात्र काढून त्यांनी हृदयावर काय परिणाम होतो ते टिपले आणि प्राझोसिन या औषधाने मृत्यू कमी करून दाखवले. ते सरकारी नोकर होते. त्यांचे उदाहरण मी मुद्दाम घेते, कारण गरिबांमध्ये राहणे ही ख्रिस्ती मक्तेदारी आहे असे मला सुचवायचे नाही, आणि स्वयंसेवकांमुळे सरकार आपली जबाबदारी टाळते हा जो तिसरा गंभीर आक्षेप आहे त्याचे उत्तरही इथेच आहे. वाडीत राहणारा माणूस सरकारची जागा घेऊ लागला तर तो नक्कीच नुकसान करतो. खासगी दवाखाना, खासगी शाळा, खासगी धान्यवाटप उभे करून वाडी त्याच्यावर अवलंबून ठेवली तर तो दुसरा मुकादम झाला. पण कातकऱ्यांची अडचण मुख्यतः सरकारच्या दारापर्यंत पोहोचण्याचीच आहे. महाराष्ट्रात केंद्राने आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कातकरी एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. तरी रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात नाही, म्हणून अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे संरक्षण तिथल्या कातकऱ्याला नाही. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा भट्ट्या आणि रानोमाळ फिरत जगला, कधी शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्याने तो पुरावा आणायचा कुठून? आदिम जमातींसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या जनमन योजनेत घरकुल मंजूर होते, पण अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या असल्याने पाया कुठे घालायचा हा प्रश्न उरतोच. इथे स्वयंसेवकाचे काम तहसीलदार कचेरीत बरोबर जाऊन बसणे आणि पुढच्या वर्षी वाडीतल्याच कुणाला तरी एकट्याने जाता येईल असे करणे, एवढे आहे. ते दिसायला फार छोटे आहे आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

माझ्या स्वतःच्या धर्मबांधवांना यापुढे एक अट पाळावी लागेल असे मला वाटते, आणि ती सरकारने घालण्याआधी आपण स्वतः घालावी. जिथे आपण औषध, वसतिगृहातला प्रवेश किंवा उसने पैसे देतो त्या जागी प्रार्थना सक्तीची नसावी, आणि जो आज आपल्या मदतीवर अवलंबून आहे त्याने बाप्तिस्मा मागितला तर ते अवलंबित्व सुटेपर्यंत आपण थांबावे. काहींना ही श्रद्धेशी तडजोड वाटेल. पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धार्मिक स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, धर्मप्रसार करताना सक्ती आणि अनुचित आर्जव टाळले पाहिजे आणि गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर विशेषच टाळले पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आमच्या विरोधकांचा सर्वांत न्याय्य आक्षेप आमच्याच चर्चने साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. तो वाडीतल्या खोलीपर्यंत आणायचे काम राहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी तर १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. पगार सोडण्यामागे त्यांना जे दिसले ते आजही खरे आहे: संस्थेच्या पैशावर उभा असलेला माणूस बोलू लागला की ऐकणाऱ्याला आधी संस्था ऐकू येते.

जे या सेवेला विरोध करतात त्यांच्याकडेही माझी एक मागणी आहे. प्रार्थनासभा कुठे भरते यावर जेवढी पाळत ठेवली जाते, तेवढी पाळत मुकादमाच्या वहीवर ठेवावी. कातकऱ्याचा धर्म वाचवायचा असेल तर आधी त्याची वाडी ज्या जमिनीवर उभी आहे ती गावठाणात घेण्याचा ठराव आपल्या ग्रामपंचायतीत मांडावा, आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या आईबापांची मुले मागे राहून शिकतील अशी सोय गावातल्या ज्या कुठल्या मंदिराला, समाजमंदिराला किंवा शाळेला शक्य आहे तिथे करावी. अशी सोय झाली तर त्या मुलांना भाकऱ्या करून घालायला वाडीतल्या ख्रिस्ती ताईलाही बोलावता येईल, आणि तिने तिथे प्रार्थना घेऊ नये अशी अट घालावी. ती अट मी आनंदाने मान्य करीन. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, त्यामुळे हा ठराव यंदा व्हायचा असेल तर तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत यायला हवा.